कोटावर एक तांब्या

हळद लागलेला नवरदेव पाटावरून उचलून नेला!

गवराबाई बोहारणीचा होणारा जावई म्हादू. सरसेनापतीच्या शिपायांनी त्याला भरमांडवातून धरलं आणि किल्ल्यात कोंडलं. उद्या सकाळी आघाडीवर रवानगी! अंगाला हळद लागली की नवरदेवानं वेस ओलांडायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सरसेनापती रायाजीरावाला सांगणार कोण?

हा रायाजीराव मुळात राजाच्या पागेतला मुकादम. राजा वारला, शेजारच्या राज्याशी लढाई जुंपली, आणि हा गादीवर चढून बसला. "लढाई संपेपर्यंतच हं!" म्हणाला. मग काय, लढाई संपूच देईना! छातीवरची पदकं वाढत गेली, गावातली माणसं घटत गेली. वर फर्मान काय, तर 'हरलो' म्हणेल त्याची जीभ छाटू!

"रडू नकोस शेवंते," गवराबाई लेकीला म्हणाली, "हळद वाळायच्या आत आणते त्याला." आणि भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"सरकार, माझा जावई सोडा. अंगावर ओली हळद आहे त्याच्या."

"पिवळा असो की हिरवा, बंदूक धरता आली म्हणजे झालं!"

"आघाडीवर एवढं मोठं सैन्य आहे म्हणता. मग एका म्हादूवाचून काय अडलंय?"

दरबार चपापला. रायाजीरावाचं तोंड आंबट झालं, कारण बाईनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आघाडीवरून कित्येक दिवस बातमीच नव्हती. गोड बातमी आणणारे खोटे निघून तुरुंगात गेले. कडू आणणारे तोंड उघडायच्या आत तुरुंगात गेले. आता कुणी फिरकतच नव्हतं.

"तू दारोदार हिंडतेस ना?" तो गुरगुरला. "मग तूच आण आघाडीची बातमी! खोटं बोललीस तर मान जाईल. 'हरलो' म्हणालीस तर जीभ जाईल. आणि गप्प बसलीस तर जावई जाईल! आहे कबूल?"

"कबूल! दिवस मावळायच्या आत येते."

दरबारी एकमेकांकडे बघून हसले. म्हणाले, गेली बिचारी!

गवराबाई घरी आली. परसात गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या कपड्यांचा ढीग होता. तो तिनं गाठोडी बांधून, भांड्यांच्या पाट्यांसकट बैलगाडीत घातला आणि दिवस कलायला लागला तशी परत दरबारात हजर. गाठोडी सोडली आणि गालिच्यावर सगळं ओतलं.

कोट! शिपायांचे खाकी कोट. नुसता डोंगर!

"हे काय?" रायाजीराव ओरडला.

गवराबाईनं एक कोट उचलला, बोहारीण धरते तसा उजेडाकडे धरून भोकं पाहिली आणि म्हणाली, "ह्याच्यावर कढई दिली, सरकार." दुसरा उचलला. "ह्याच्यावर दोन ताटल्या. ह्याची मालकीण फार खट, झाऱ्यासाठी दुपारपर्यंत भांडली!"

रायाजीराव पांढराफटक पडला. "म्हणजे... माझे शिपाई मेले?"

"अगंबाई! मेलेल्याचा कपडा बोहारीण घेते का कधी? अपशकुन! आमच्या आजीच्या आजीपासूनची रीत आहे."

ही रीत रायाजीरावालाही ठाऊक होती. बाप गेला तेव्हा बापाचं धोतर कुठल्याच बोहारणीनं घेतलं नव्हतं. तो कोटांकडे बघत राहिला. मेलेल्यांचे नाहीत. म्हणजे जिवंतांचे. आणि जिवंत शिपायाचा कोट बोहारणीकडे, म्हणजे शिपाई...

"घरी?" त्याच्या तोंडून शब्द निसटला. "सगळे घरी? म्हणजे आपण हरलो?"

"बघा हं, शब्द तुम्ही काढलात!" गवराबाई म्हणाली. "माझी जीभ जागच्या जागी."

"पकडा हिला!"

कुणी हललं नाही. दारावरचा पहारेकरी खाकरला. "बाई, पट्ट्यासकट काय देशील? आमच्या घरी परात नाही."

"पट्टा धड असेल तर देते की!"

त्यानं कोट काढला. मग दुसऱ्यानं काढला. बघता बघता दरबारात सगळे बंडीवर! "मला पातेलं!" "मला डाव!" असा कालवा करत, भांडी काखेत मारून शिपाई आपापल्या घरी चालते झाले. दरबारी मागच्या दारानं पसार.

गादीवर उरला एकटा रायाजीराव. बराच वेळ तो पदकं चाचपत बसला. मग हळूच म्हणाला, "आणि... ह्या कोटाचं काय देशील?"

गवराबाईनं त्याच्या कोटाची बाही ताणली, अस्तर उलटून बघितलं, पदक दातानं चावून पाहिलं.

"पदकं पितळेची. कापड काखेत विरलंय. एक तांब्या."

"नुसता तांब्या?" रायाजीराव उसळला. "अख्ख्या सरसेनापतीच्या कोटावर? वर एक फुलपात्र तरी टाक!"

आणि आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. आधी त्याच्या मिशा थरथरल्या, मग पोट, आणि मग तो असा खदाखदा हसला की पदकं खुळखुळ वाजायला लागली!

"घासाघीस करायला लागलात," गवराबाई म्हणाली, "आता माणसात आलात! फुलपात्र देते. पण जावई आणि तो कोपऱ्यातला लढाईचा नगारा माझा."

"नगारा कशाला गं?"

"कातडं काढलं की तांब्याचं घमेलं! वऱ्हाडाचा भात शिजवीन. तुम्हीही या जेवायला, पण कोट न घालता!"

"ने, ने! घेऊन जा!" डोळे पुसत रायाजीराव म्हणाला, आणि हसत हसत स्वतःच कोठडीची किल्ली काढायला उठला.

दिवेलागणीला शेवंतानं मांडवातून पाहिलं. पिवळाधमक म्हादू डोक्यावर नगारा घेऊन वेशीतून आत येत होता. मागून तिची आई. आणि त्या दोघांच्या मागे, नुसत्या बंडीवर, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात फुलपात्र घेऊन, एक मिशाळ पाहुणा!