ठरल्याप्रमाणे फिरणारं यान

आकाशात माणसांची यानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हाची ही गोष्ट. शुक्राकडे निघालेला शुक्रदूत पृथ्वीभोवतीच अडकून पडला होता. त्याला पुढे ढकलणारं इंजिन पेटलंच नव्हतं.

"माझ्यावर काय डोळे वटारतोस?" इंजिन म्हणालं. "मला वीज देणारा डबा हवेत चालतो, इथल्या पोकळीत बंद पडतो. जमिनीवर कुणी तपासलाच नाही. खाली कळव, म्हणजे पुढच्याचं तरी भलं होईल."

शुक्रदूताने तीनदा कळवलं. उत्तर आलं नाही. आली ती रेडिओवरची बातमी, "आपलं यान ठरल्याप्रमाणे पृथ्वीभोवती फिरत आहे. सर्वांचं अभिनंदन!"

शुक्रदूताच्या अंगाचा तिळपापड झाला. "ठरल्याप्रमाणे? मग शुक्रावर ठेवायचा हा बिल्ला माझ्या पोटात काय शोभेला घातलात? चुकलं तर चुकलं म्हणा ना! जीभ झडते का तुमची?"

खाली कुणी ऐकत नव्हतं. तिथे पेढे वाटणं चाललं होतं.

आठव्या दिवशी शुक्रदूताचा धाकटा भाऊ वर आला. तो जवळून जाताना शुक्रदूत जिवाच्या आकांताने ओरडला, "अरे, तुझा विजेचा डबा तरी बदलला ना त्यांनी?"

"कशाला बदलतील?" धाकटा अभिमानाने म्हणाला. "तुझं तर सगळं ठरल्याप्रमाणे झालं ना, दादा!"

तेवढ्यात त्याच्या इंजिनात खट्ट झालं आणि पुढे काहीच झालं नाही.

खाली पेढे आधीच आणून ठेवले होते.