खांद्याचा मान

नीरेच्या काठावर करंजकाठ नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथल्या मठात उदासगीर महाराजांचा वास होता. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, देह थकलेला, पण दारी आलेल्याला महाराजांनी कधी रिकामे पाठवले नाही. दर चैत्रात गावाची कावड नदीचे पाणी घेऊन महादेवाच्या डोंगराला जाई. चार दिवसांची अनवाणी वाट, आणि द्वादशीला देवाला त्या पाण्याचा अभिषेक. नेम एकच, पण मोठा कडक: वाटेत कावड भुईला टेकता कामा नये. टेकली की ते पाणी देवाला चालत नसे, पुन्हा नदी गाठावी लागे.

कावडीचा बांबू तासून, तेल पाजून द्यायचा तो सटवाजी बुरूड. खांद्याचा मान मात्र रायाजी पाटलाच्या घराण्याचा. मरण्यापूर्वी एकदा तरी तो बांबू आपल्या खांद्यावर यावा, एवढीच सटवाजीची आस होती. बिचाऱ्याची साठी उलटलेली, उजवा खांदा झाडावरून पडून आखडलेला. त्याने विषय काढला की पाटील चारचौघांत हसायचा.

"सटवा, पालखी करणारा सुतार पालखीत बसतो का रे?"

सगळे हसत. सटवाजी खाली मान घालून मठात येई. महाराज म्हणत, "तू नुसता मागून चालत राहा. गरज पडली की महादेव हाक मारील."

आणि तो दरवर्षी मागून चालत राहिला.

त्या वर्षी एकादशीला, वाटेच्या शेवटच्या दिवशी, शेजारगावची कावड पहाटेच पुढे गेल्याची बातमी आली. झाले! पाटलाच्या अंगात ईर्ष्या शिरली. घाटाला पहिली कावड आपलीच लागली पाहिजे, दुपारचा विसावा बंद, असे त्याने फर्मावले. विसाव्याला कावड ज्यावर ठेवत ती लाकडी तिवईही जड होते म्हणून मुक्कामावरच टाकायला लावली.

सटवाजी भीत भीत म्हणाला, "पाटील, तिवई असू द्या. पुढं माळावर एक झाड न्हाई. मी घेतो पाठीवर."

"तुझ्या पायांनी चाललो तर द्वादशी गाठायची पुढच्या वर्षी! शहाणपण सुपा-टोपल्यांपुरतं ठेव."

गर्वाला कोण समजावणार! माळ लागला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. माती तव्यासारखी तापलेली, वाऱ्याची झुळूक नाही, पोटात एकादशीचा उपास. पाटलाच्या भावकीतल्या एका खांदेकऱ्याचे तळवे सोलवटले, दुसऱ्याला उलट्या सुरू झाल्या, तिसरा घेरी येऊन पडला. त्यांना मागच्या ओढ्यावर न्यायला बाकीची माणसे थांबली. पाटील तरीही थांबला नाही. मोडेन पण वाकणार नाही, असा त्याचा बाणा! शेवटी त्या उघड्या माळावर दोघेच उरले, कावड घेतलेला पाटील आणि मागून चालणारा सटवाजी.

थोड्या वेळाने पाटलाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो खाली बसू लागला. पाण्याचे हंडे भुईपासून वीतभर उरले. साऱ्या गावाचा नेम आता मोडणार! आणि कावड टेकवायला तिवई नव्हती.

"धर... कोणीतरी धर रे!"

"उदासगीर बाबा, सांभाळा!" म्हणत सटवाजीने आपला आखडलेला खांदा बांबूखाली घातला आणि तो ताठ उभा राहिला. चालूही लागला. पाटील कसाबसा उठून मागे निघाला. पाहतो तर म्हातारा झपाझप चाललेला, आणि हंड्यातले पाणी हिंदकळतसुद्धा नव्हते.

"सटवाजी, जड होत न्हाई?"

"वजन हाय कुठं, पाटील? मागनं तुमीच तर धरलंय."

पाटलाने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिले. तो तर वीस पावले मागे होता! त्या उन्हातही त्याच्या अंगावर काटा आला. घाट चढून जाईपर्यंत तो हात जोडून सटवाजीच्या मागे चालत राहिला.

द्वादशीला अभिषेक झाला. गाव परतले आणि सगळे दर्शनाला मठात गेले. शिष्य काळजीत होता. तो म्हणाला, "एकादशीला दुपारी महाराज एकाएकी उठले आणि भर उन्हात अंगणात चालू लागले. दिवस मावळेपर्यंत बसले नाहीत. किती विनवलं, पण एवढंच म्हणाले, 'आत्ता टेकता येत नाही.'"

महाराजांच्या अंगावरची छाटी जरा सरकली. उजव्या खांद्यावर बांबूचा काळानिळा वळ उमटला होता. तळव्यांना फोड आले होते. केवढी ही करुणा! पाटलाने धाडकन लोटांगण घातले.

"महाराज, मी आंधळा झालो होतो!"

महाराज म्हणाले, "रायाजी, तुझ्या आजाच्या मागेही कोणीतरी होतंच. त्याला ते ठाऊक होतं. तुला मात्र तो खांदा तुझाच वाटला."

उंबऱ्याशी सटवाजी उभा होता. तो वळ पाहून त्याला रडू आवरेना. "माझं वझं बाबांनी वाहिलं," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पाटील उठला, साऱ्या गावादेखत उंबऱ्यापाशी गेला आणि पागोटे काढून त्याने बुरुडाच्या पायांवर डोके ठेवले.

"पाटील, हे काय करता! उठा!" सटवाजी मागे सरू लागला. पण पाटलाने त्याचे पाय घट्ट धरले होते, आणि ते सोडायला तो तयार नव्हता.