कुरणाचा राखणदार

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. उंबरं, बोरं, मोहाची फुलं खाऊन ते असं गुबगुबीत झालं होतं की विचारू नका! त्या जंगलात एक रीत होती, बरं का मुलांनो. पावसाळा सरला की नदीकाठचं कुरण काटेरी फांद्या लावून बंद करायचं आणि ऐन उन्हाळ्यात, बाकीचं रान वाळलं की सर्वांसाठी उघडायचं. राखणीला अर्थातच अस्वल. "दादा गवत खातच नाहीत, मग चोरतील कशाला?" असं सगळे म्हणत. अस्वलाला त्याचा केवढा तोरा!

एकदा बिबट्याने टाकलेली सशाची तंगडी अस्वलाने चाखली, आणि झालं! जिभेला चटक लागली. पण सशामागे धावणं त्याला कुठलं जमायला? मग त्याने सशांनाच बोलावलं. "या रे, या करवंदीच्या जाळीत राहा. इथे बिबट्याचं भय नाही." बिचारे आले, आणि अस्वलाने जाळीचं तोंड काट्यांनी बंद केलं. अस्वल रोज कुरणातलं गवत कवेत भरभरून त्यांना घाली, आणि वाटेल तेव्हा त्यांच्यातलाच एक गट्ट करी. ढीगभर गवत संपे तेव्हा कुठे सशाच्या अंगावर मूठभर मांस चढे. "मी कुठे गवत खातोय?" असं म्हणून अस्वल खुशाल ढेकर देई. उंबरं मात्र झाडाखाली कुजत पडली.

उन्हाळा आला. एक हरिणी लटपटणाऱ्या पाडसाला घेऊन कुरणापाशी आली. मागोमाग सांबर आलं, रानगवा आला. "दादा, आज तरी कुरण उघडा. माझं दूध आटलंय हो, पाडस काही जगत नाही," हरिणी काकुळतीने म्हणाली. फांद्या बाजूला केल्या, तर आत नुसती धूळ! अस्वल भांबावलं, आणि मग ओरडलं, "चोरी! हे त्या गव्याचंच काम! देवाशपथ, मी काडीसुद्धा तोंडात घातली नाही!" गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात भुकेलं पाडस खाली सांडलेली एकेक काडी वेचत पुढे निघालं. सगळे त्याच्या मागे गेले. काड्या संपल्या त्या थेट करवंदीच्या जाळीशी.

आत ससे गवत चघळत होते. शेजारी हाडं पडली होती. "दादाच आणतात हो आमच्यासाठी," एक म्हातारा ससा घाबरत म्हणाला.

"कुंपणानेच शेत खाल्लं!" गवा पुटपुटला. हरिणी रागावलीसुद्धा नाही. तिने एवढंच विचारलं, "दादा, त्या गवतात आम्हा सगळ्यांचा उन्हाळा निघाला असता. तुमचं एकट्याचं पोट किती दिवस भरलं?"

अस्वलाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याने जाळी मोडली. अस्वल लांब गेल्याशिवाय एकही ससा बाहेर आला नाही. मग उंबरावर चढून त्याने फांद्या गदागदा हलवल्या. फळं पडली, पाला पडला. हरिणीने खाल्लं, चार दिवसांनी तिला पान्हा फुटला, पाडस वाचलं.

पुढल्या वर्षी नवा राखणदार निवडायला सगळे जमले. अस्वलाकडे कोणी पाहिलं नाही, आणि त्यानेही मान वर केली नाही.

तात्पर्य : मी काडीलाही तोंड लावलं नाही, एवढं म्हणून भागत नाही, आपल्या एका घासाने किती जणांचे घास गिळले, तेही पाहावं.