अर्धा कच्चा भात

“...मग बाबा, उद्या मत कुणीकडं टाकू?”

गैबीशा फकीर चुलीकडं बघत बसला.

विचारणारा होता आमदार दिगांबर ठवरे. विधानसभेत उद्या कायदा येणार होता. नवी वीज हाताशी आल्याशिवाय कोळशाचं जुनं वीजकेंद्र बंद करायचं नाही, असा कायदा. आणि जुनं केंद्र ठवरेच्या गावाला खेटूनच. तिथली राख छातीत जाऊन याचा बाप गेला. केंद्र बंद करतो म्हणून शब्द देऊन हा निवडून आलेला.

“माझं मत विरोधातच,” ठवरे म्हणाला. “बंद म्हणजे बंद. राख खाऊन कुणाचं भलं झालंय? तुम्ही फक्त आशीर्वाद द्या.”

चुलीपाशी, फकिराकडं येणाऱ्यांसाठी रांधणारी जुलेखाबी फुंकत होती. फुंकता फुंकता खोकत होती.

“ही बघा, हिचे पण तेच हाल. बाबा, ही चूलसुद्धा बंद करा. मी गॅसची शेगडी पाठवतो.”

“कधी?”

“पाठवतो की.”

फकिरानं तांब्या उचलला आणि चुलीत ओतला.

“झाली बंद.”

जुलेखाबी उखडली. “भात अर्धा कच्चा आहे बाबा. बाहेर माणसं जेवायला बसलीत. त्यांना काय तुमची दाढी वाढू?”

“यांना विचार.”

ठवरेनं मान खाली घातली.

मग हळूच म्हणाला, “माझी मुलगी सातव्या महिन्यात झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. एवढीशी. वीज गेली असती तर... पण नाही गेली. त्याच केंद्राची वीज.”

“शुक्र मानलास कधी त्या केंद्राचा? आभार?”

“...नाही.”

डोळे पुसले त्यानं. धूर तर केव्हाच विरला होता.

फकिरानं राख उकरली. मागं एक निखारा जिता होता. त्यावर काटक्या रचल्या.

“कळलं बाबा,” ठवरे उठला. त्याला हलकं वाटत होतं. “मत कायद्याच्या बाजूनं. नवी वीज येईपर्यंत जुनं चालू दे. निघतो मी.”

जुलेखाबी खोकत फुंकणीसाठी वाकली. फकिरानं ती आधीच उचलली आणि ठवरेपुढं धरली.

“चुलीच्या पाया पड. मग शेगडी मागव. आणि ती येईपर्यंत फुंकायला तू बस.”