भिवाचा कडा

खोत आबासाहेबांना स्वतःच्या नावाची भारी हौस. देवळाच्या घंटेवर ते होतं, विहिरीवर होतं. नकाशासाठी जागांची नावं लिहून घ्यायला सर्व्हेचे साहेब आले, तेव्हा खोत खुर्ची टाकून पुढेच बसले.

"लिहा, तो उंच कडा म्हणजे आबासाहेबांचा कडा."

चावडीत ठकूबाईही बसली होती. त्या कड्याला गाव भिवाचा कडा म्हणायचं. भिवा तिचा बाप; मध काढताना तिथूनच पडून मेला होता. त्याची तेवढीच खूण उरली होती.

साहेबांनी विचारलं, "गावाची हरकत?"

ठकूबाई पदर सावरून उठली. "हरकत कसली? फक्त रीत मोडू नका. सगुणा बुडाली, तो सगुणेचा डोह. राणूला वाघानं नेलं, ती राणूची खिंड. जिथं ज्याचा जीव जातो, तिथं त्याचं नाव लागतं. नाव खुशाल लिहा, आबासाहेब. कड्यावर कधी येताय तेवढं सांगा, सगळं गाव पोचवायला येईल."

साहेबांची लेखणी थांबली.

"भिवाचाच लिहा," खोत घाईघाईनं म्हणाले. "आणि डोहालाही माझं नाव सांगणार होतो, तेही राहू द्या."