बांडीची घंटा

फार पूर्वी उंच गवताच्या माळावर शेळ्यांचा एक लहानसा कळप होता. गवतात पुढचं दिसत नसे, म्हणून म्हाताऱ्या बांडी शेळीच्या गळ्यातली घंटा वाजेल तिकडे सगळ्या जात.

एका सकाळी बांडीच्या तोंडात फोड आले. "माझ्याजवळ येऊ नका, तुम्हालाही होईल," ती म्हणाली.

"आजारात तुला एकटं टाकू होय?" म्हणत शेळ्या तिच्याकडे धावल्या. ती पळाली, तर घंटेच्या आवाजामागून कळपही आला.

शेवटी बांडीने तळ्याकाठी गुडघे टेकले, घंटा चिखलात दाबून गच्च भरली आणि मग स्वतः गवतात दिसेनाशी झाली.

उन्हं कलली. "आई, घंटा का वाजत नाही?" एका करडाने विचारलं.

आईने तळ्याकाठच्या चिखलातला घंटेचा ठसा पाहिला. मग करडाचं तोंड निरखलं. एकही फोड नव्हता.

"आपण वाचावं म्हणूनच वाजत नाही, बाळा."