उसन्या आवाजाचा तंबोरा

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा लोक सावली बघून वेळ सांगत. नदीकाठच्या एका गावात एक लाजाळू तरुण राहत होता. तो विहिरीवर मोट हाकायचा. बैल मोट ओढू लागले की तो गाऊ लागे. त्याचा आवाज जाड आणि खालचा होता, रांजणातून यावा तसा. बैलांना तो आवडे. त्याला स्वतःला मात्र त्याची लाज वाटे.

देवळातले म्हातारे गवई थकले होते. पाटील तरुणाला म्हणाले, "यंदा दीपोत्सवाला तू गा. लोकांना पटलं, तर रोज पहाटे देवळात तूच गायचंस."

तरुण मनातून हरखला. लहानपणापासून त्याला एवढंच हवं होतं.

गायला तंबोरा हवा, म्हणून तो नदीपलीकडच्या कारागिराकडे गेला. त्याचं घर म्हणजेच कारखाना. आढ्याला लहानमोठे भोपळे वाळत टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. या कारागिराची एक रीत होती. तो आधी गिऱ्हाइकाला गायला लावी. आवाज ऐकून मगच भोपळा निवडी, दांडीची लांबी आणि तारांची जाडी ठरवी.

"गा," तो म्हणाला.

तरुणाला राजवाड्यातल्या गवयाची आठवण झाली. त्याचा पातळ, उंच आवाज त्याने एकदा जत्रेत ऐकला होता. आपणही तसंच गायलो, तर तंबोरा तसाच होईल आणि आपणही तसेच होऊ, असं त्याला वाटलं. त्याने मान वर करून नाकातून उंच सूर लावला.

कारागिराची बायको दारात तांदूळ निवडत होती. तिला हसू आलं. "काय रे बाबा, बोलतोस एकाच्या गळ्यातून आणि गातोस दुसऱ्याच्या?"

तरुणाचे कान तापले.

कारागिराने हातातली कानस खाली ठेवली. "हाच ना तुझा आवाज? नीट सांग. भोपळा एकदा कापला की मला परत जोडता येत नाही."

"हाच," तरुण जमिनीकडे बघत म्हणाला.

कारागिराने आढ्यावरून एक लहान भोपळा उतरवला.

तंबोरा देखणा झाला. भोपळा हळदीसारखा पिवळा, त्याच्या कडेने नाजूक वेलबुट्टी. तरुण तो छातीशी धरून घरी आला.

दीपोत्सवाला सगळं गाव जमलं. तरुणाने तारा छेडल्या आणि उसन्या आवाजात पहिलं कडवं गायलं. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज फाटला. त्याने खुंट्या पिळून सूर उतरवला, तर तारा सैल पडून भुंग्यासारख्या भणभणू लागल्या.

"तंबोऱ्याला झोप आलीय, घरी न्या त्याला," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"राहू दे बाळा," पाटील हळूच म्हणाले. देवळातलं गाणं त्या वर्षी शेजारच्या गावच्या गवयाकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी तरुण तंबोरा घेऊन कारागिरापुढे उभा राहिला. "तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. "मीच खोटं गायलो होतो."

"मला तेव्हाच कळलं होतं," कारागिराची बायको म्हणाली. "आता तुझं तू गा बघू."

तरुणाने डोळे मिटले. समोर आपले बैल आहेत असं मानून त्याने मोटेवरचं गाणं म्हटलं. तो जाड आवाज घरभर पसरला, आणि आढ्याला टांगलेला सगळ्यात मोठा भोपळा हलकेच घुमला.

कारागिराने वर पाहिलं. "तो तुझा. पण अजून ओला आहे. पुढच्या दीपोत्सवापर्यंत थांबावं लागेल."

"थांबतो," तरुण म्हणाला.

लहान तंबोरा कुंभाराच्या मुलीला मिळाला. तिचा गळा मुळातच पातळ आणि उंच होता. तिच्या हातात तो पहिल्या दिवसापासून गोड वाजला.

वर्षभर तरुण मोटेवर मोकळेपणाने गात राहिला. पुढच्या दीपोत्सवाला तो मोठा तंबोरा घेऊन बसला. त्याने सूर लावला आणि गाव गप्प झालं. देवळाबाहेर बांधलेल्या त्याच्या बैलांनी कान टवकारले. मोट ओढायची असं समजून ते सवयीने दोन पावलं पुढे सरले.

तेव्हापासून त्या देवळात पहाट त्याच्याच आवाजाने होऊ लागली.

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: आपण आहोत तसं स्वतःला दाखवलं, तरच आपल्या मापाचं आपल्याला मिळतं.